मागच्या बाजूची फळी

नेकारसुल्म, २ मार्च २०२५

ती. सौ. अहिल्यावहिनींना नमस्कार.

गणपतीत अख्ख्या मंडळासमोर तुम्ही माझ्या मोदकांना फुटक्या पोटल्या म्हणालात, तेव्हापासून आपण जावाजावा फोनवर बोलत नाही. एका अर्थी बरंच झालं. फोनवर मी रडते आणि तुम्ही जिंकता. कागदावर निदान दोघी सारख्या.

ऑगस्टपासून आईंना आम्ही ठेवून घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. तुमच्या आईचं ऑपरेशन, तुम्हाला आणि भावोजींना पुण्याला जायलाच हवं, सगळं समजतं. पण वहिनी, आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आईंची चाकाची खुर्ची रोज कोण वर-खाली करणार? उल्हासची पाठ तुम्हाला ठाऊक आहे. शिवाय या उन्हाळ्यात आमचं काही वेगळंच चाललंय. उल्हासला कॅम्पिंगसाठी वोनवागेन घ्यायचाय, गाडीमागे जोडायचं चाकावरचं घर. साधंसुधं नाही. पुढे बिछाने आणि ओटा, आणि मागे चक्क गॅरेज. मागची अख्खी भिंत खाली येते, तिचीच उतरती फळी होते आणि तिच्यावरून मोटरसायकली आत ढकलायच्या. अमेरिकेत म्हणे याला टॉय हॉलर म्हणतात, खेळणी वाहून नेणारी गाडी. उल्हासच्या दोन आणि आमच्या आरवची छोटी एक, एवढी खेळणी. चाळिशी उलटली तरी माणूस खेळतोच आहे. घ्यावी की न घ्यावी यावर आमचं रोज भांडण होतं आणि रोज तो थोडा थोडा जिंकतो.

आईंचं पान सोबत जोडलंय. सासरेबुवांनी लावलेली पद्धत मी मोडलेली नाही. दिवेलागणीला आईंना वाचून दाखवायचं पान वेगळं, आणि त्यात वाईट अक्षर नाही. म्हणून मोटरसायकलींचा उल्लेख टाळलाय. उल्हास कॉलेजात असताना पडला, तेव्हापासून आईंना त्या शब्दानंही धडकी भरते. त्यानं सगळं विकून टाकलंय असंच त्या समजतात.

तुमची,
नंदिनी

(आईंचं पान)
ती. आईंना शिरसाष्टांग नमस्कार. आनंदाची बातमी अशी की उल्हास एक मोठी गाडी पाहतोय, आत राहता येईल अशी. तिची मागची भिंत उघडून लांबरुंद फळी होते. चाकं तिच्यावरून अलगद आत चढतात. आत जमिनीला कड्या आहेत, पट्ट्यांनी बांधलं की काही म्हणता काही हलत नाही. सगळ्यांनी मिळून तळ्याकाठी जाऊन राहायचं, असं त्याच्या मनात आहे. तुमची आठवण रोज निघते.

*

ड्रेस्डेन, ११ मार्च २०२५

चि. सौ. नंदिनीस अनेक आशीर्वाद.

मोदक फुटले होते ते फुटले होते. त्यात माझा काय दोष?

तुझं पान काल वाचून दाखवलं. आईंना आता अक्षर दिसत नाही, माणूस दिसतो तोही नुसता आकार. समईसमोर खुर्ची लावून ऐकत होत्या. चाकांपाशी आले आणि मला थांबवलं. म्हणाल्या, "ते चाकांचं पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. कड्यांचं आणि पट्ट्यांचंही दोनदा वाचून घेतलं. मग डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "माझ्या खुर्चीसाठी केवढी गाडी शोधली गं उल्हासनं."

मी तोंड उघडणार होते. उघडलं नाही. दिवेलागणीला वाईट बोलायचं नाही, हे तूच मला लिहून कळवलंयस.

तेव्हा आता तिसऱ्या मजल्याचं सोड. तुझ्या त्या गाडीला मजले नसतात. आणि उल्हासच्या पाठीचं म्हणशील तर ज्या पाठीला दोन मोटरसायकली ढकलवतात तिला एक म्हातारी जड नाही.

चिडशील, चीड. पण एक खरं सांगते. ह्यांच्या कॉम्प्युटर चिप्सच्या फॅक्टरीत रात्रपाळ्या असतात, आमची स्पृहा दार लावून बसते आणि आईंचं अंघोळीपासून रात्रीच्या भांड्यापर्यंत सगळं माझ्या एकटीवर आहे. त्या स्वभावानं गरीब आहेत, कधी तक्रार नाही, त्याचाच मला जास्त राग येतो. मला आई नकोत, नंदिनी. कुणाला तरी हे लिहायचं होतं. तुला लिहिते, कारण तू कुणाला सांगू शकणार नाहीस. सांगायला गेलीस तर तुझंही तेच उघडं पडेल.

आईंनी सांगितलेलं उत्तर खाली उतरवलंय. जसंच्या तसं आहे.

अहिल्या

(आईंनी सांगितलेलं)
चि. उल्हास आणि चि. सौ. नंदिनी यांना आशीर्वाद. फळी किती रुंद आहे ते कळवा. थोरल्यानं, चारूनं, माझ्या खुर्चीचं माप घेऊन ठेवलंय. मला पुढे बसवायचा खटाटोप करू नका, मागे ठेवलंत तरी चालेल. चारू आणि तू लग्नं झाल्यापासून एका पंगतीला जेवला नाहीत. एकदा दोघांना शेजारी शेजारी जेवायला बसवा. मला दिसणार नाही, पण ऐकू येईल. एवढं झालं की माझं काही मागणं नाही.

*

नेकारसुल्म, ३० मार्च २०२५

ती. सौ. वहिनींना नमस्कार.

तुम्ही हे मुद्दाम केलंत. एका वाक्यात सगळं संपलं असतं. "आई, ते मोटरसायकलींसाठी आहे." तेवढं एक वाक्य तुमच्याच्यानं बोलवलं नाही?

उल्हासला तुमचं पत्र वाचून दाखवलं. आधी तो हसला. मग आईंचं वाचलं तेव्हा उठला, खाली गेला आणि धुतलेली मोटरसायकल पुन्हा धुतली. रात्री म्हणाला, काही कळवू नकोस, नुसता वेळ काढ, आईचं वय झालंय, विसरेल. मी म्हटलं, गेनाऊ, अगदी बरोबर, तुमच्या घरात सगळे असेच थोर झाले. तो आता आईंचा फोनही उचलत नाही. उचललाच तर फळीची रुंदी विचारतात म्हणून मीटिंग आहे सांगून ठेवतो. त्याला रुंदी पाठ आहे, वहिनी. मोटरसायकलचं हँडल मापून बसलाय.

आईंना खरं काय ते तुम्ही सांगा. त्या तुमच्याजवळ आहेत, मी इतक्या लांबून त्यांचं मन मोडू शकत नाही. आणि तुम्हाला त्या नकोत, म्हणून मला हव्यात असं होत नाही. माझंही तेच आहे, असं तुम्ही लिहिलंत. आल्झो, तर मग, घ्या, म्हटलं.

नंदिनी

(आईंचं पान)
ती. आईंना शिरसाष्टांग नमस्कार. गाडीचं काम पुढे सरकतंय. ती वजनाला इतकी भारी आहे की ओढायला उल्हासचं नेहमीचं लायसन्स पुरत नाही. त्यासाठी तो पुन्हा फारशूलेत, ड्रायव्हिंगच्या शाळेत जातोय. शनिवारी मागे ट्रेलर लावून रिव्हर्स घ्यायला शिकतो. परीक्षा झाल्याशिवाय काही ठरवता येत नाही, तेव्हा धीर धरावा.

*

ड्रेस्डेन, ४ मे २०२५

चि. सौ. नंदिनीस आशीर्वाद.

वेळ काढायला म्हणून तू जे लिहिलंस त्यानं काय झालं ते ऐक. आईंनी मला विचारलं, उल्हासचं आता वय काय? मी सांगितलं. म्हणाल्या, या वयात माझ्यासाठी परीक्षेला बसलाय. त्या दिवसापासून शनिवारी दुपारी त्या जेवत नाहीत. त्याची शिकवणी सुरळीत व्हावी म्हणून.

मंडळात सगळ्यांना सांगून झालंय. मैथिली कुलकर्णी मला म्हणाली, धाकट्यानं नशीब उजळलं हो तुमच्या सासूबाईंचं. इतकी वर्षं मी अंघोळी घालतेय त्याचं कुणी नाव काढलं नाही. तुझ्या नवऱ्यानं नुसता एक गैरसमज होऊ दिला आणि तो श्रावणबाळ झाला.

आता सराव चाललाय. इथे ट्राममध्ये खुर्चीवाल्यांसाठी ड्रायव्हर उतरून घडीची फळी टाकतो. आई स्पृहाला घेऊन स्टॉपवर जातात, ट्राममध्ये चढतात, पुढच्या स्टॉपला उतरतात आणि परत येतात. चढताना खुर्चीचे हात सोडून बसायची सवय करतायत, म्हणजे उल्हासला त्यांची काळजी वाटायला नको. स्पृहा परवा कंटाळून म्हणाली, "ओमा, येत्स्ट राइश्ट एस." आता पुरे, आजी. आईंना वाटलं शाबासकी दिली. तिच्या गालावरून हात फिरवून त्यांनी पुन्हा चढायला लावलं.

आमचं जायचं ठरलंय. तीन ऑगस्टला निघू. मी आईंना खरं सांगणार नाही, हे पक्कं समज. खरं सांगितलं तर त्या माझ्याकडे राहतील.

त्यांनी हिरवी शाल आणि तुझ्या लग्नातली साडी बाजूला काढून ठेवलीय. तळ्याकाठी नेसायला.

अहिल्या

*

नेकारसुल्म, २५ जुलै २०२५

ती. सौ. वहिनींना नमस्कार.

घाईत लिहितेय. गाडी गेल्या महिन्यात आली, पण ब्रेकमध्ये बिघाड निघाला. वेर्कश्टाटमध्ये, दुरुस्तीच्या गॅरेजात, पडून आहे. पार्ट कधी येईल ते सांगत नाहीत. त्यामुळे या वर्षीचं कॅम्पिंग रद्द. आम्ही घरीच आहोत, पण घर तिसऱ्या मजल्यावर आहे, हे तुम्हाला पुन्हा सांगायला नको. तुम्ही आईंची दुसरी काही तरी सोय करा, किंवा भावोजींना मागे ठेवा. आमचा अगदी नाइलाज आहे.

नंदिनी

(आईंचं पान)
ती. आईंना शिरसाष्टांग नमस्कार. गाडी आली! फार सुंदर आहे. तुम्हाला काही त्रास होऊ नये म्हणून उल्हास एकेक गोष्ट तपासून घेतोय. पुढच्या वर्षी नक्की.

*

बोडनझे तळ्याकाठून, ३ ऑगस्ट २०२५

नंदिनी,

हे पत्र आईंच्या मांडीवर ठेवून जातेय, म्हणजे वाऱ्यानं उडणार नाही.

घरीच राहणाऱ्या माणसांनी मुलाचा फोन आधी काढून घ्यावा. आरवनं स्पृहाला फोटो पाठवला. मागे तळं, पुढे तुमची गाडी आणि तिच्या फळीवर मांडी घालून बसलेला तुझा नवरा, हातात बिअर. वर कॅम्पिंगचं नाव लिहिलेली पाटी. आमचं विमान रात्री झ्युरिकहून आहे, तुम्ही वाटेतच सापडलात.

आम्ही पोचलो तेव्हा तुम्ही नव्हता. शेजारच्या तंबूतल्या बाईनं हातानं मूठ पिळून दाखवलं, म्हणजे मोटरसायकलींवरून फिरायला गेलात. फळी उघडी टाकूनच गेला होतात. ह्यांनी खुर्ची ढकलली. एका दमात वर गेली. सराव कामाला आला.

आणि गंमत बघ, गॅरेज रिकामं होतं. मोटरसायकली तुमच्या बुडाखाली, म्हणून आत काहीच नव्हतं. नुसती मोकळी जमीन, कड्या आणि लोंबणाऱ्या पट्ट्या. आईंनी खाली वाकून एकेक कडी चाचपली. मग पट्ट्या हातात घेतल्या. म्हणाल्या, "किती विचार केलाय पोरानं." मी म्हटलं, हो ना. ह्यांना ते बघवलं नाही, ते गाडीत जाऊन बसले. आईंना सांगितलंय की चारू पार्किंग शोधायला गेलाय, आला की दोघे भाऊ जेवायला बसतील.

हिरवी शाल त्यांच्या अंगावर आहे. औषधं निळ्या पिशवीत, कपडे मोठ्या पिशवीत. खुर्ची पट्ट्यांनी बांधून घ्या असा त्यांनीच आग्रह केला, म्हणून बांधलीय. त्या खूश आहेत. इतक्या खूश मी त्यांना माझ्या घरात कधी पाहिलं नाही, आणि यासाठी मी त्यांना माफ करणार नाही.

थोड्या वेळात तुमच्या मोटरसायकली येतील. त्या आवाजाला काय नाव द्यायचं ते आता तू ठरव.

अहिल्या

*

नेकारसुल्म, २१ सप्टेंबर २०२५

ती. सौ. वहिनींना नमस्कार.

तुमच्या आईंची तब्येत सुधारतेय हे भावोजींच्या मेसेजवरून कळलं. त्या दिवशी तुमच्या नावानं मी काय काय बोलले ते लिहीत नाही. आता राग उरलेला नाही, म्हणून सगळं सांगते.

उल्हासनं लांबूनच हिरवी शाल ओळखली. गेटपाशी इंजिन बंद केलं आणि तिन्ही गाड्या आम्ही ढकलत नेऊन न्हाणीघरामागे लपवल्या. आरव हसत सुटला, त्याला उल्हासनं एक लगावली. उल्हास हात धुऊन फळीवर चढला, तरी आईंनी त्याचे हात हुंगले आणि विचारलं, "पेट्रोलचा वास कसला रे?" तो म्हणाला, "गाडी ओढून आणली ना आई, तुझ्यासाठी." आईंनी ते हात कपाळाला लावले. वहिनी, माझ्या नवऱ्याला त्या क्षणी मान खाली घालावीशी वाटली असेल असं तुम्हाला वाटेल. तो माझ्याकडे बघून हसला. सुटलो, असं.

जेवायला त्या थांबून राहिल्या. चारू येऊ दे, म्हणत. भात गार झाला. शेवटी उल्हासनं दोन ताटं वाजवली, एकदा स्वतःच्या आवाजात बोलला आणि एकदा भावोजींसारखा घसा खाकरला. त्यांनी मान डोलावली. फसल्या की नाही ते मला कळलं नाही. पण नंतर आठवडाभर त्या मधूनच विचारत होत्या, चारूला अजून पार्किंग मिळालं नाही का.

घरी परतताना तिसऱ्या मजल्याचा प्रश्न होताच. मग उल्हासला सुचलं. नेकार नदीच्या काठी एक कॅम्पिंग आहे, तिथे वर्षभरासाठी जागा मिळते. गाडी तिथे नेऊन लावली. मोटरसायकली आमच्या तळघरात मावल्या. आई मागच्या भागात, पलंग आणि भांडं तिथेच. पुढच्या बिछान्यांना एक पायरी आहे, ती त्यांना चढता येत नाही. कागदोपत्री पत्ता आमच्या घरचाच आहे.

सुरुवातीला उल्हास रोज डबा घेऊन जायचा. मग आरवला पाठवू लागलो. तो डबा ठेवतो, "हालो ओमा" म्हणतो आणि येतो. शेजारी हेर बाउमान, म्हणजे बाउमानसाहेब, म्हणून पेन्शनर आहेत, बारा महिने तिथेच असतात. ते सकाळी फळी खाली करतात, म्हणजे आईंना ऊन मिळतं, आणि संध्याकाळी वर करून बाहेरून खटका लावतात. आईंनी त्यांना खुणा करून डब्यातले पोहे खायला घातले. कुणी आलं की त्या सांगतात, हे घर माझ्या उल्हासनं बांधून घेतलंय. परत जायचं नाव काढत नाहीत.

मला वाटलं होतं तुम्ही जिंकलात. तसं नाहीये. कुणीच हरलं नाही. तुम्ही परत आल्यावर आईंना न्यायला येणार का, ते मात्र कळवा. तशी घाई नाही.

तुमची,
नंदिनी

*

ड्रेस्डेन, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय नंदिनी,

तुझं पत्र आल्यावर मी ते ह्यांना वाचून दाखवलं. घसा खाकरण्यापाशी ह्यांनी ऐकायचं थांबवलं आणि तसाच घसा खाकरला. मग कामावर गेले. दिवाळीत तिकडे यायचं म्हणत होते, पण पाळी बदलून मिळाली नाही. मागितली होती की नाही, हे मी विचारलं नाही.

आईंना आता हलवू नये असं मलाही वाटतं. या वयात माणूस एकदा रुळला की त्याला उपटू नये. त्यांच्या खोलीला आम्ही रंग काढलाय. स्पृहाचं टेबल तिथे हलवलं. भिंतीवर खुर्ची घासून उमटलेल्या रेघा होत्या, त्या दोन हातांत बुजल्या. घरात आता रात्री कुणी हाक मारत नाही. मी सकाळी उशिरापर्यंत झोपते आणि जाग आली की आधी आनंद होतो. हे सगळं तुझ्यामुळे झालं, त्याबद्दल मनापासून लिहितेय.

थंडीचं काय करता? अशा जागी हिवाळ्यात नळाचं पाणी बंद करतात असं ऐकलं. गॅसची शेगडी रात्री चालू राहते ना, ते एकदा उल्हासला बघायला सांग. जाड पांघरूण पार्सलनं पाठवलंय. आईंनी चारूबद्दल विचारलं तर सांग, अजून पार्किंग शोधतोय. इतके दिवस चाललंय, आता त्यात बदल कशाला.

आणि ते मोदकांचं मनातून काढून टाक. चव चांगली होती. पुढच्या गणपतीत दोघी मिळून करू. मंडळात मैथिलीला मी सांगितलंय की आई धाकट्याकडे आहेत, त्यानं त्यांच्यासाठी नदीकाठी घर केलंय. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्हा दोघांचं फार कौतुक करत होती.

आता पत्रं लिहीत बसायला नको. फोन कर, मनमोकळ्या गप्पा मारू.

आईंचं पान या वेळी जोडलेलं नाही. दिवेलागणीला हेर बाउमान फळी वर करतात खरे, पण त्यांना मराठी कुठे वाचता येतं.

तुझी,
अहिल्यावहिनी